एक खिडकी सहा महिन्यांसाठी द्या

मा. कलेक्टर, मा. निगम आयुक्त, मा. महापौर, आणि इंदूरातल्या सरकारी ऑफिसांत खिडकीच्या आतल्या बाजूला बसणाऱ्या सगळ्या बाबूजींना आणि मॅडमना,

नमस्कार.

हे पत्र मराठीत लिहितेय आणि सगळ्यांना वाचता यावं म्हणून उघडं लिहितेय. हिंदीतली प्रत तुमच्याकडे रीतसर येईलच, पण आधी आपल्या लोकांनी वाचावं असं वाटलं, कारण मी जे मागणार आहे त्यात रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, टिळक नगर इथल्या आपल्या मंडळींची मदत लागणार आहे.

सुरुवात आत्यापासून करते. आत्या ७९ वर्षांची. माहेरचं नाव कुसुम, लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं सुमन लिहिलं आणि तेव्हापासून ती सुमन झाली, आपल्याकडे तेव्हा घरोघरी असंच होतं. शाळेच्या दाखल्यावर कुसुम, रेशन कार्डावर सुमन, आधारवर सुमनबाई. सासरचं आडनाव काळे, पण हिंदीत टाइप करणाऱ्याला ळ सापडला नाही म्हणून समग्र आयडीत, म्हणजे राज्य सरकारच्या कुटुंब-नोंदणीत, काले. मधलं नाव कुठे वडिलांचं, कुठे नवऱ्याचं, कुठे नाहीच. ही सगळी एकच बाई आहे हे आम्हाला माहीत आहे, कॉम्प्युटरला माहीत नाही. एका दाखल्यातलं नाव दुरुस्त करायचं होतं त्यासाठी आम्ही एका ऑफिसात चार चकरा मारल्या. कुठलं ऑफिस ते मुद्दाम लिहीत नाही, कारण खिडकी बदलली तरी गोष्ट हीच राहिली असती याची मला आता खात्री आहे. चौथ्या वेळी खिडकीतल्या बाबूजींनी विचारलं, "माताजी, ये दोनों एक ही हैं, हम कैसे मान लें?" आणि आत्या म्हणाली, "भैया, मैं खड़ी तो हूँ तेरे सामने."

त्या दिवशी मी खूप चिडले होते. घरी येऊन तक्रार लिहायला बसले आणि अर्ध्यात थांबले, कारण माझं कामच हे आहे. मी डिझाइन करते, म्हणजे लोक एखाद्या कामासाठी कुठून निघतात, कुठे अडतात, कुठून परत फिरतात हे बघायचं, त्यातली एखादी छोटी गोष्ट बदलून पाहायची आणि मग काय होतं ते लिहून ठेवायचं. दुसऱ्यांसाठी हे रोज करते, मग इथे का नको? म्हणून त्याच ऑफिसातल्या मोठ्या साहेबांना भेटले. त्यांनी ऐकून घेतलं, दोन मिनिटं गप्प बसले आणि म्हणाले बसा, बघा, पण कामात अडथळा नको आणि कुणाचा फोटो नको. त्या परवानगीबद्दल मी त्यांची आजही आभारी आहे. मी आणि कॉलेजची चार मुलं, आम्ही काही आठवडे तिथे बसलो.

पहिल्या आठवड्यात मुलांनी नियम वाचून भिंतीएवढा नकाशा केला. अर्ज, तपासणी, पावती, पडताळणी, सही, दाखला, सगळे चौकोन बाणांनी जोडलेले, रंगीत, खूप सुंदर. तो नकाशा चूक होता. म्हणजे कागदावर सगळं तसंच होतं, पण ऑफिस त्या बाणांवरून चालत नव्हतं, आणि हे आम्हाला नुसतं बघून महिनाभरातही कळलं नसतं. कळलं ते एक कागद चिकटवल्यावर.

कागद साधा होता. भरलेल्या अर्जाचा एक नमुना, मोठ्या अक्षरात, सोबत कुठले चार कागद लागतात ते, खिडकीच्या डाव्या बाजूला डोळ्यांच्या उंचीवर सेलोटेपनं लावला. आमचा हिशोब असा की लोक अर्धवट अर्ज आणतात म्हणून परत जातात, नमुना दिसला की नीट भरतील, काम पुढे सरकेल. आणि झालंही तसं, दोन दिवसांतच खिडकीवरून परत जाणारी माणसं कमी दिसायला लागली, मुलं एकदम खूश. तिसऱ्या दिवशी आतल्या पडताळणीच्या टेबलावरच्या मॅडम बाहेर आल्या आणि म्हणाल्या की तो कागद काढा.

आम्हाला राग आला, खरं सांगते. पण चहा पिताना त्यांनी जे सांगितलं ते मला कुठल्याच पुस्तकात मिळालं नसतं. आपल्या मध्य प्रदेशानं २०१० मध्ये लोक सेवा गारंटी कायदा केला, असा कायदा करणारं देशातलं पहिलं राज्य आपलं. ठरलेल्या दिवसांत काम झालं नाही तर अधिकाऱ्याला रोजचे २५० रुपये, जास्तीत जास्त ५००० पर्यंत दंड. कायदा चांगला आहे, मी त्याच्या बाजूची आहे. पण मुदतीचं घड्याळ सुरू होतं ते पूर्ण अर्जाच्या पावतीपासून. आणि सही करणाऱ्या साहेबांकडे दुसऱ्या एका ऑफिसचाही चार्ज, त्यामुळे ते इथे आठवड्यातले दोनच दिवस बसतात. म्हणजे आत पोचलेल्या प्रत्येक अर्जाचं घड्याळ टिकटिक करतंय आणि सही मात्र सोमवारी नाहीतर गुरुवारी. अशा वेळी खिडकीवरचा माणूस काय करणार? तो पावती द्यायला जड हातानं देतो. एक कागद कमी आहे, मधलं नाव जुळत नाही, स्टँप पेपर जुना आहे. कुणी त्याला असं सांगितलेलं नाही, कुठे लिहिलेलंही नाही, पण त्यानं तसं केलं नाही तर आतल्या मॅडमचा जीव जातो, आणि दोघांना रोज जेवायला एकाच टेबलावर बसायचंय. आमच्या कागदानं लोकांचे अर्ज पूर्ण झाले, पावत्या निघाल्या आणि आत ढीग लागला. ढीग आधीही होताच. तो लोकांच्या घरी, प्लॅस्टिकच्या पिशव्यांमध्ये, कपाटाच्या वरच्या खणात होता, म्हणून कुणाला दिसत नव्हता.

आत्याच्या चार चकरांचं कारण मला त्या टेबलावर बसून कळलं. बाबूजी आळशी नव्हते, वाईट तर मुळीच नव्हते.

मग दुसरी गोष्ट. ऑफिसच्या बाहेर कडुलिंबाखाली एक काका टेबल टाकून बसायचे, फॉर्म भरून द्यायचे. सगळे त्यांना दलाल म्हणायचे, आम्हीही तसंच धरून चाललो होतो. नमुना लावल्यावर त्यांचं गिऱ्हाईक तुटेल असं वाटलं होतं, तर तसं काही झालंच नाही. लोक नमुना बघून स्वतः अर्ज भरायचे आणि तरी काकांकडे जाऊन दहा-वीस रुपये द्यायचे. एका मुलीनं त्यांच्याजवळ दोन दिवस बसून बघितलं तेव्हा कळलं की लोक पैसे लिहिण्याचे देतच नव्हते, साहेब कुठल्या दिवशी येतात, आज खिडकीवर कोण आहे, कुठला कागद वर ठेवायचा, याचे देत होते. म्हणजे ऑफिसची सगळी खरी माहिती ऑफिसच्या बाहेर, झाडाखाली होती.

आम्ही लगेच एक पाटी आणली आणि खडूनं लिहिलं, साहेब सोमवार आणि गुरुवार. संध्याकाळपर्यंत पुसलेली. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलेली. मुलं म्हणाली की काकांनी पुसली असणार, धंदा जातो ना. पण पुसली होती ऑफिसातल्याच शिपाईभाऊंनी, आणि त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. कागदोपत्री साहेबांची ड्युटी रोजची आहे, पाटीवर दोनच दिवस लिहिले आणि कुणी त्याचा फोटो काढून वर पाठवला तर साहेब अडचणीत येणार, ते तर दोन माणसांचं काम एकटे ओढतायत. जे सगळ्यांना माहीत आहे ते लिहिता येत नाही, हा त्या ऑफिसचा खरा नकाशा. मग त्याच शिपाईभाऊंनी वाक्य सुचवलं, "तैयार दाखले मिलने का दिन सोमवार और गुरुवार, शाम ४ बजे के बाद". ती पाटी कुणी पुसली नाही. साहेबांवर काही येत नाही, आणि लोकांना जे हवं ते कळतं. एवढं नेमकं वाक्य आम्हा डिझाइनवाल्यांना सुचलं नव्हतं.

आणि एक चूकही सांगितली पाहिजे कारण ती आमची होती. आम्ही टोकन सुरू केलं, सकाळी १० वाजता आकड्यांच्या चिठ्ठ्या, रांगेत उभं राहायला नको म्हणून. पहिल्या दिवशी सगळे बाकांवर बसलेले पाहून फार बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी देपालपूरकडून एक आजोबा ११ ला पोचले, तोपर्यंत चिठ्ठ्या संपलेल्या. आधी रांग असती तर दुपारी का होईना नंबर लागला असता, पुढच्या कुणी त्यांचं वय बघून पुढे घेतलं असतं. चिठ्ठीनं त्यांना सरळ दारातूनच परत पाठवलं. शहरातल्या, जवळ राहणाऱ्या माणसाची सोय झाली ती त्यांच्या दिवसाच्या मजुरीवर आणि बसभाड्यावर. आम्ही त्याच दिवशी टोकन बंद केलं, आजोबांचा अर्ज साहेबांना सांगून घ्यायला लावला, पण आदल्या दोन दिवसांत असे किती जण आले आणि न बोलता परत गेले ते आमच्या वहीत नाही, कारण परत जाणाऱ्यांना मोजायचं हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. ते मला अजून टोचतं.

आता हे सगळं तुम्हाला का सांगतेय? कारण आपल्याकडे कारभार सुधारायचा म्हटलं की दोनच रस्ते माहीत आहेत. एक म्हणजे सर्व्हे आणि रिपोर्ट, दुसरा म्हणजे एकदम सगळीकडे नवीन सिस्टीम. पहिल्यानं भिंतीवरचा नकाशा मिळतो. दुसऱ्यानं काय होतं ते पुढे लिहिते. माझं म्हणणं असं की माणसांचा, नियमांचा, भीतीचा, सवयीचा एवढा गुंता असलेली व्यवस्था लांबून बघून समजत नाही. तिला एका जागी हळूच हात लावायचा आणि ती कुठे कुठे हलते ते बघायचं. कागद काढा असं मॅडमनी म्हणणं, पाटी पुसली जाणं, हीच माहिती. बदल हाच अभ्यास. आणि म्हणूनच तो बदल छोटा हवा, आणि उद्या सकाळी काढून टाकता येईल असा हवा.

ही कल्पना माझी नाही आणि बाहेरून आणायचीही गरज नाही, काखेत कळसा आहे. पॅट्रिक गेडिस नावाचा स्कॉटिश माणूस, मुळात जीवशास्त्राचा, १९१४ मध्ये हिंदुस्थानात आला आणि पुढे तुकोजीराव तिसऱ्यांच्या काळात होळकर दरबारानं त्याला इंदूरचं नियोजन करायला सांगितलं. त्याचा दोन खंडांचा अहवाल १९१८ चा. शहर नियोजन शिकणारी मुलं जगभर तो वाचतात आणि आपल्या शाळांत त्याचं नावही कुणी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं. गेडिस गल्लीगल्लीत पायी हिंडायचा, नकाशे घेऊन. तेव्हा शहरात प्लेगची धास्ती. त्यानं पुढे स्वतःच सांगितलंय की लोक त्याच्याकडे बोट दाखवून म्हणायचे, हाच तो प्लेग आणणारा म्हातारा साहेब. म्हणजे बघा, तो शहराचा अभ्यास करत होता आणि त्याचा अभ्यास शहराला घाबरवत होता, हातात नकाशा असलेला साहेब दिसला की घर पाडायला आले असंच लोकांना वाटणार. नुसतं बघणंसुद्धा हात लावण्यासारखंच असतं.

मग त्यानं काय केलं तर महाराजांकडून एका दिवसापुरता अधिकार मागून घेतला आणि दिवाळीची मिरवणूक जाहीर केली. नेहमीचा ठरलेला रस्ता नाही. ज्या रस्त्यावरची घरं सगळ्यात जास्त साफ आणि दुरुस्त झालेली असतील, त्या रस्त्यानं मिरवणूक जाणार. बस, एवढीच एक गोष्ट बदलली, मिरवणुकीचा मार्ग. कुणाला दंड नाही, नोटीस नाही. घराघरातला कचरा फुकट उचलून न्यायची सोय मात्र केली. लोकांनी गाड्या भरभरून वर्षानुवर्षांची अडगळ बाहेर काढली, घरं रंगवली, कारण मिरवणूक आपल्या गल्लीतून जावी असं कुणाला वाटत नाही? मिरवणुकीत हत्ती-घोडे तर होतेच, पण अस्वच्छतेचा राक्षस होता, प्लेगचा भलामोठा उंदीर होता, आणि त्यानंतर शहराचे सफाई कामगार, स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत, नव्या झाडूंना फुलं बांधून. त्यांच्या पाठोपाठ इंदूर नगरी नावाची नवीन देवी. शेवटी राक्षस आणि उंदीर जाळले. सफाई कामगारांना शहरानं रस्त्याच्या मध्यभागी मानानं चालताना पाहिलं, शंभरपेक्षा जास्त वर्षांपूर्वी, याच शहरात.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. कारण त्यात सगळं आहे. एक बारीकसा बदल, लोकांच्या आधीच्या ओढीला धरून केलेला, दिवाळीला मिरवणूक होतीच, ती फक्त वळवली. जुन्या वस्त्यांबद्दलही त्याचं हेच म्हणणं, सरळ रुंद रस्त्यासाठी अख्खी आळी पाडू नका, जिथे दुखतंय तिथेच जपून कापा, एखादं पडकं घर काढा, चौक मोकळा करा, झाड लावा. आणि आधी हिंडून निदान करा.

याच शहरात आणखी एक झालं, फार लांबवत नाही. १९२४ मध्ये अल्बर्ट हॉवर्ड इथे शेतीची संशोधन संस्था चालवायला आले आणि यशवंत वाड या आपल्या मराठी सहकाऱ्याबरोबर त्यांनी कंपोस्ट खताची पद्धत बसवली, ती जगात इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते. खताचा ढीग हुकुमानं कुजत नाही. ओल बघावी लागते, आत किती तापलाय ते बघावं लागतं, वेळेवर वरखाली करावा लागतो. हे ज्यानं हातानं केलंय त्याला मी काय म्हणतेय ते समजावून सांगावं लागणार नाही.

आणि आत्ताचं बघायचं तर स्वच्छता. देशातल्या शहरांच्या २०१६ च्या स्वच्छता सर्वेक्षणात आपण २५ वे होतो, २०१७ मध्ये पहिले आलो आणि मग येतच राहिलो. बाहेरचे लोक येतात, गाड्या बघतात, देवगुराडियाचा कचऱ्यावर प्रक्रिया करणारा प्लांट बघतात आणि सिस्टीम कॉपी करून नेतात. पण ती एकदम ८५ वॉर्डांत सुरू झाली नव्हती ना. आधी दोन वॉर्डांत घरोघरी गाडी नेऊन पाहिली, लोक कचरा कधी बाहेर आणतात, गाडी किती वाजता आली तर चालते, ओला-सुका मिसळतो तो नेमका कुठे, हे तिथे शिकून मग वाढवत नेलं. तुम्ही लोकांनीच केलंय हे. मी जे मागतेय ते तुम्हाला येतं, फक्त ते कचऱ्यापुरतं राहिलं.

त्याच्या उलट बीआरटीएस, म्हणजे रस्त्याच्या मधोमध रेलिंग लावून फक्त बससाठी राखलेली लेन. निरंजनपूर ते राजीव गांधी चौक, साडेअकरा किलोमीटर, २०१३ मध्ये आयबस धावायला लागली आणि २०२५ मध्ये हायकोर्टाच्या परवानगीनंतर रेलिंग निघायला लागली. बरोबर होतं की चूक या वादात मी आत्ता पडत नाही, माझ्या घरातच दोन मतं आहेत. पण मधल्या लेनमधून रोज आयबसनं कॉलेजला जाणारी मुलगी आणि बाजूच्या लेनमध्ये अडकलेला रिक्षावाला, दोघांचंही म्हणणं खरं होतं. एवढी मोठी गोष्ट एकदम बसते तेव्हा मधल्या मध्ये सुधारायला जागाच उरत नाही, एकतर ठेवा नाहीतर तोडा. होर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर या बर्कलीच्या दोन प्राध्यापकांनी १९७३ मध्ये हेच लिहिलं होतं, की शहराच्या कारभारातले प्रश्न गणितासारखे सुटत नाहीत, आणि एक महामार्ग बांधून बघू, जमला नाही तर काढू, असं करता येत नाही कारण प्रत्येक प्रयोगाची किंमत कुणीतरी आयुष्यातून मोजतं. ते खरंच आहे. देपालपूरच्या आजोबांनी मोजलीच. म्हणूनच मी एक खिडकी मागतेय, शहर मागत नाही.

डिझाइन आणि सरकारी कारभार या दोन वेगळ्या दुनिया आहेत असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एकच नाव घेते. हर्बर्ट सायमन, १९७८ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले. तरुणपणी त्यांनी मिलवॉकी शहराच्या खेळाच्या मैदानांचा कारभार अभ्यासला होता, जिथे मैदानाची देखभाल महत्त्वाची की मुलांना खेळवणारी माणसं महत्त्वाची, यावर शाळा बोर्ड आणि शहराचं खातं यांची जुंपलेली असायची. आपल्याकडे रस्ता एकाचा, ड्रेनेज दुसऱ्याचं आणि खांब तिसऱ्याचा, तसंच. आणि याच माणसानं १९६९ मध्ये मांडलं की आहे ती परिस्थिती हवी तशी करण्याचा मार्ग जो कुणी आखतो तो डिझाइनच करत असतो. म्हणजे पाटीवरचं वाक्य सुचवणारे आमचे शिपाईभाऊ डिझायनर, माझ्याइतकेच.

आता मागणी.

मला लॅब नको. सरकारी कारभारात नवीन गोष्टी करून बघणारी डेन्मार्क सरकारची माइंडलॅब २००२ मध्ये सुरू झाली, जगभरातून लोक बघायला जायचे, २०१८ मध्ये बंद झाली. त्यांच्याकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे, पण वेगळी एसी खोली, काचेच्या भिंती आणि रंगीत चिठ्ठ्या हे आपलं काम नाही. नवीन ॲपही नको. मला एक खिडकी हवी, चालू असलेली, गर्दीची, तुम्ही सांगाल ती. सहा महिने. तिथे आम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलू, बाकाची जागा, अर्जातला एक रकाना, पाटीवरचं एक वाक्य, पावतीची वेळ, आणि दोन आठवडे काय होतं ते बघू. बिघडलं तर काढू, त्याच दिवशी, वरून ऑर्डर यायची वाट न बघता. हे काढण्याचं स्वातंत्र्य मला लावण्याच्या परवानगीपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्याकडे एकदा उद्घाटन झालं की चुकलेली गोष्टही कुणाला मागे घेता येत नाही.

पण एक गोष्ट तुमच्याशिवाय कुणीच करू शकत नाही, म्हणून ती हात जोडून मागते. त्या सहा महिन्यांत त्या खिडकीवरच्या माणसांना आकड्यांवरून नोटीस जाणार नाही असं लेखी द्या. कायद्याची मुदत मोडा असं मी म्हणत नाहीये, लोकांचा हक्क आहे तो. पण ढीग जेव्हा कपाटातून टेबलावर येईल तेव्हा पेंडिंगचा आकडा वाढणार, नक्की वाढणार, आणि तो आकडा बघून तुम्ही मॅडमना झापलंत तर ढीग परत लोकांच्या घरी जाईल आणि तुमचा डॅशबोर्ड पुन्हा हिरवा दिसेल. चार्ल्स गुडहार्ट या इंग्रज अर्थतज्ज्ञानं १९७५ मध्ये बँकांच्या आकड्यांबद्दल हे सांगितलं होतं, की ज्या आकड्यावर नियंत्रण ठेवायला जाल तो आकडाच मग भरवशाचा राहत नाही. आत्याच्या चार चकरा कुठल्या डॅशबोर्डवर आहेत? कुठेच नाहीत. तिचा अर्ज कधी आलाच नाही. म्हणून आमच्या वहीत पहिला रकाना असेल परत गेलेल्या माणसांचा, किती जण, कशामुळे, कितव्यांदा, आणि कुठून आले होते. टोकनच्या वेळी तो नव्हता.

वही खिडकीवरच राहील, दोरीला बांधलेली, कुणालाही वाचता येईल अशी. चुका पण त्यातच. बदल काय करायचा ते ठरवताना बाबूजी, आतल्या मॅडम, शिपाईभाऊ, झाडाखालचे काका आणि रांगेतले दोघं असे बसतील. काकांना हाकलून द्यायचं नाही हे मी आधीच सांगून ठेवते, मागच्या वेळी आम्ही त्यांच्याबद्दल चुकलो होतो.

आणि नावाचा रकाना मला सगळ्यात आधी घ्यायचाय. माहेरचं नाव, सासरचं नाव, ळ चा ल, हे फक्त आपल्या मराठी बायकांचं दुखणं नाही, सिंधी, गुजराती, बोहरा सगळ्यांची आपापली अडचण आहे, पण आपलं मला आतून माहीत आहे म्हणून तिथून सुरुवात. अर्जावर एकच जादा ओळ छापून बघू, "इस नाम से भी जाने जाते हैं". नुसती ओळ. कायदा बदलायचा नाही, पोर्टल बदलायचं नाही. ती ओळ आली की शपथपत्रं कमी होतात की वाढतात, खिडकीवर वाद कमी होतात की आतल्या टेबलावर नवीन वाद सुरू होतात, मला खरंच माहीत नाही, आणि माहीत नाही म्हणूनच करून बघायचंय.

मंडळातल्या, वाचनालयातल्या आणि सोसायटीतल्या आपल्या रिटायर्ड लोकांना विनंती. तुमच्यातल्या कितीतरी जणांनी आयुष्यभर बँकेत, रेल्वेत, एलआयसीत, शाळांच्या ऑफिसांत टेबल सांभाळलंय. फाइल कुठे आणि का थांबते हे तुम्हाला माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा शंभरपट जास्त कळतं. आठवड्यातून एक सकाळ द्या, १० ते १, खिडकीपाशी बसायचं, परत जाणाऱ्या माणसाला हिंदीत किंवा मराठीत विचारायचं की काय झालं, आणि वहीत लिहायचं. सल्ला द्यायचा नाही, बाबूजींशी वाद घालायचा नाही. पाच माणसं मिळाली तरी काम सुरू होतं. दोघं तयार आहेत, एक माझे शेजारी, ट्रेझरीतून रिटायर झालेले, आणि दुसरी आत्या. ती म्हणते मला लिहायला जमणार नाही, डोळ्यांनी दिसत नाही, पण विचारायला जमेल, माझ्याशी सगळे बोलतात.

साहेब, येत्या मंगळवारी कलेक्टर ऑफिसात जनसुनवाई आहे, म्हणजे लोकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकायचा दिवस. मी अर्ज घेऊन येतेय, सोबत मागच्या वेळची वही आहे, ऑफिसचं आणि माणसांची नावं खोडलेली. आत्या बरोबर असेल. तिच्यासाठी एक खुर्ची मिळाली तर बरं होईल.

आपली,
रामबागेतली एक रहिवासी, इंदूर